टर्निपच्या त्रेसष्ट नोंदी

आमच्या रस्त्यावर तीन घरं सोडून एक बाई राहायच्या. त्या माणसांना 'अरे' म्हणत आणि कुत्र्यांना 'अहो'. वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना त्या भर सभेत 'अरे, ती खुर्ची सरकव जरा' असं सांगत. आणि शेल्टरमधल्या, कुणीतरी हमरस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या, एक कान फाटलेल्या कुत्र्यासमोर गुडघे धरून वाकत आणि म्हणत, 'अहो, बसून घ्या. दमला असाल.'

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मिरजेत नर्सिंग शिकून त्या विशीत इकडे इंग्लंडला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्ड सिस्टर होत्या. माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. नवरा वारलेला, मुलगा मँचेस्टरला. आठवड्यातले सहा दिवस त्या शहराबाहेरच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये बिनपगारी काम करत. नर्सेस लावतात ते उलटं घड्याळ त्या अजून छातीवर लावायच्या आणि कोटाच्या खिशात चीजच्या तुकड्यांचा स्टीलचा डबा असायचा. मागच्या वर्षी त्या मुलाकडे राहायला गेल्या.

मी लिहितोय त्यांच्याबद्दल, पण मध्ये माझी एक गोष्ट येणार आहे. ती मी घर आणि शेल्टर सोडून कुणाला सांगितलेली नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. शेल्टरमधून आणलेला एक तरुण कुत्रा मी चौदाव्या दिवशी परत नेऊन दिला. परत देताना असं काही केलं की त्याला दुसरं घर मिळणंही अवघड झालं. सिस्टर मला यावरून कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं, असं वाटतं.

मी एका पाणीपुरवठा कंपनीत गळतीचं काम करतो. म्हणजे मी पाना घेऊन रस्ता खणत नाही, आकडे बघतो. एखाद्या भागात किती पाणी सोडलं, किती वापरलं गेलं आणि मधलं कुठं गेलं, ते शोधायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. घरीही माझ्या नोंदी असतात. बॉयलरचं प्रेशर, गाडीचा मायलेज, मुलीची उंची. माझी बायको मेधा म्हणते, 'तुझ्याशी लग्न करताना मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी मीटर लावूनच आले असते.'

सिस्टरांच्या बाबतीत मला आधी हेच आवडलं होतं की त्याही वेळ मोजत. प्रत्येक कुत्र्याला पंधरा मिनिटं. खोलीत शिरताना छातीवरचं घड्याळ उलटं करून बघायचं आणि पंधरा मिनिटं झाली की उठायचं. कुत्रा कितीही गोंडस असो, पाय चाटत असो. 'सोळावं मिनिट शेजारच्यांचं आहे,' असं त्या त्यालाच समजावून सांगत. एकही कुत्रा त्यांनी कधी स्वतःच्या घरी नेला नाही. एकदा मेधानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'एकाला घरी नेलं तर उद्या बाकीच्या बावीस जणांना तोंड कसं दाखवू?'

गणपतीत त्या शेल्टरमधून थेट हॉलवर यायच्या. अंगात फ्लीसचं जॅकेट आणि त्यावर पांढरे, काळे, तपकिरी केस. एका वर्षी आमच्या शेजारच्या खुर्चीतल्या काकू म्हणाल्या, 'सिस्टर, अहो, जॅकेटवर केवढे केस.'

'माझे नाहीत गं,' सिस्टर म्हणाल्या. 'त्यांना हॉलमध्ये घेत नाहीत, म्हणून त्यांनी केस पाठवलेत आरतीला.'

लोक हसले. आरतीनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की पुढच्या वर्षी कुणी मला साडी देऊ नका, जुने टॉवेल द्या. मग त्या माझ्या शेजारी बसायला आल्या आणि मी खुर्ची थोडी सरकवली. सहा इंच असेल. माझ्या अंगावर नवा कुर्ता होता.

इरा, आमची मुलगी, तीन वर्षं कुत्रा मागत होती. तीन वर्षं मी 'बघू' म्हणत होतो. तिला तेरावं लागलं तेव्हा मेधा म्हणाली की 'बघू'ला पण एक्स्पायरी डेट असते. मग मी चौतीस जातींचा तक्ता केला. वजन, केसगळती, आयुर्मान, भुंकण्याचं प्रमाण. तो तक्ता घेऊन आम्ही एका शनिवारी शेल्टरला गेलो आणि तक्त्यात कुठंच न बसणारा कुत्रा घेऊन आलो.

त्या महिन्यात आलेल्या कुत्र्यांना शेल्टरनं भाज्यांची नावं दिली होती. लीक, कॅरट, पार्सनिप. हा टर्निप. वय चौदा महिने, वजन साडेएकवीस किलो, लांब पाय, कोली जातीच्या कुत्र्याचं डोकं आणि बाकी अंग कशाचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पिंजऱ्यात तो चार पायांवर फारच कमी वेळ असायचा. जाळीवर चढायचा, खाली यायचा, गोल फिरायचा, पुन्हा चढायचा. सिस्टर समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'अहो टर्निपराव, बसा. पाहुणे आलेत.' तो बसला. नुसती शेपटी फरशीवर आपटत राहिली. इरा तिथंच खाली बसली आणि जाळीतून बोट आत घातलं. तेवढ्यावर ठरलं.

कुत्रा न्यायला येणाऱ्या प्रत्येक घराला सिस्टर एकच प्रश्न विचारत. बाग किती मोठी, लहान मुलं आहेत का, हे मॅनेजर बाई विचारायच्या. सिस्टर विचारायच्या, 'तुमच्या घरातला सगळ्यात वाईट तास कुठला?'

लोक गोंधळायचे. कुणी हसायचे. मी म्हणालो, 'तसा काही नाही, सिस्टर. आमच्याकडे सगळं वेळेवर असतं.'

'बरं,' त्या म्हणाल्या. 'सापडला की सांग.'

शेल्टरची पद्धत अशी की पहिले चौदा दिवस कुत्रा नुसता राहायला द्यायचा. जमलं तर कागदावर सह्या, नाही जमलं तर परत. त्या चौदा दिवसांत काही वाटलं तर टिपून ठेवा, असं फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं. काही वाटलं तर. मी त्याच संध्याकाळी नोंदींचा तक्ता तयार केला. तारीख, सुरुवात, शेवट, काय झालं, नुकसान, कारण.

त्या दिवसांत मी आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जायचो, मेधा वेगळे दोन दिवस. म्हणजे घरी कुणीतरी रोज असायचं. हे मी शेल्टरच्या फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलं होतं आणि ते खरं होतं. पण घरी असणं म्हणजे लॅपटॉपसमोर असणं. कानात हेडफोन, एकामागून एक मीटिंग. टर्निप मध्ये आला की कॅमेऱ्यात त्याचं बूड दिसायचं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी त्याला स्वयंपाकघरात ठेवलं आणि दाराला लहान मुलांसाठी असतं तसं गेट लावलं. गेटमधून त्याला मी दिसायचो. टेबलापासून गेटापर्यंत चार मीटर, हेही मी तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं.

मंगळवार, नऊ चाळीस ते नऊ सत्तेचाळीस, भुंकणं. नुकसान नाही. कारण नाही. मंगळवार, अकरा पाच, मेधाचा डावा बूट. कारण नाही. बुधवार, दोन वीस, गेटाच्या चौकटीचं लाकूड, अकरा सेंटिमीटर. कारण नाही. गुरुवारी त्यानं ब्रेडबिनचं झाकण उघडलं आणि आतला ब्रेड न खाता सगळ्या स्वयंपाकघरात एकेक स्लाइस मांडून ठेवला. तेही लिहिलं.

चौदाव्या दिवशी बेरीज केली. त्रेसष्ट नोंदी. दिवसाला साडेचार. पहिल्या आठवड्यात एकतीस, दुसऱ्यात बत्तीस. आकडा खाली येत नव्हता.

मी मेधाला तक्ता दाखवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, 'तुला काय हवंय? मी हो म्हणू की तूच म्हणणार आहेस?'

'आकडे बघ ना.'

'आकडे तूच बघ. मी बूट विकत आणलेत.'

इरा शाळेतून आली तेव्हा मी टर्निपची गादी गाडीत ठेवत होतो. ती रडली नाही. तिनं माझ्या हातातला तक्ता घेतला, चारही पानं वाचली आणि तिच्या मराठीत म्हणाली, 'बाबा, तू फक्त वाईट लिहिलास. चांगली एक पण नाही लिहिला.'

मी तिला सांगितलं की हा नुकसानीचा तक्ता आहे, त्यात चांगल्याचा रकाना नसतो. हे वाक्य मी तेरा वर्षांच्या मुलीला, गाडीचं मागचं दार धरून, शांतपणे सांगितलं.

शेल्टरमध्ये मॅनेजर बाईंनी ती चार पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या की इतकी व्यवस्थित माहिती आम्हाला आजवर एकाही घरानं दिलेली नाही. मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. कुत्रा परत देऊन गाडीकडे येताना मला बरं वाटत होतं, कारण मी काही लपवलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. पुढच्या माणसाला सगळं आधीच माहीत असेल. मी तर आपलं कर्तव्य केलं होतं. सिस्टर त्या वेळी आत होत्या. बाहेर आल्या नाहीत. कुणाचं तरी पंधरा मिनिटांतलं नववं-दहावं मिनिट चालू असेल.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच की शेल्टरचा एक नियम होता. आधीच्या घरानं लेखी जे दिलं असेल, ते पुढच्या प्रत्येक घराला दाखवायचंच.

तीन महिन्यांनी मी बारा जुने टॉवेल घेऊन शेल्टरला गेलो. गणपती अजून लांब होता. टॉवेल हे निमित्त होतं हे मलाही कळत होतं. इरा घरात माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली होती. सभ्यपणे, पूर्ण वाक्यांत, शेजाऱ्याशी बोलावं तसं.

आवारात एक कुटुंब उभं होतं. आई, बाबा, दोन लहान मुलगे. बाबाच्या हातात फाइल. सिस्टर लीश धरून उभ्या, आणि लीशच्या दुसऱ्या टोकाला टर्निप. थोडा वाळला होता. बाबा फाइल वाचत होता आणि ती माझी पानं होती, मला चौकटींच्या रंगावरून लांबूनच कळलं. तो माणूस माझ्याच वयाचा असेल, खिशाला पेन. त्यानं खालच्या बेरजेवर बोट ठेवलं आणि बायकोला इंग्रजीत म्हणाला, 'दोन आठवड्यांत त्रेसष्ट. निदान कुणीतरी प्रामाणिक निघालं.'

तेवढ्यात टर्निपनं मला पाहिलं.

त्याचं काय झालं ते नीट सांगायला हवं. तो भुंकला नाही. आधी तो एकदम स्थिर झाला. मग साडेएकवीस किलोंनी एकदम झेप घेतली, लीश सिस्टरांच्या हातातून सुटली आणि तो माझ्यावर आला. टॉवेल खाली, मी भिंतीला टेकलेलो, त्याचे दोन्ही पाय माझ्या छातीवर. घशातून असा एक आवाज काढत होता जो माझ्या चौदा दिवसांच्या नोंदींत कुठंच नव्हता. लहान मुलगा आईच्या मागं गेला.

'तुम्हाला ओळखतो का हा?' बाबानं विचारलं.

मी म्हणालो, 'नाही. तो सगळ्यांशीच असं करतो.'

सव्वीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. लिटरसुद्धा नाही. आणि इथं, भर उजेडात, एका कुत्र्याचे पंजे माझ्या स्वेटरवर असताना, मी हे बोललो. का, ते मला तेव्हाच कळलं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. ही पानं तुमची का, आणि मग तो एवढा आनंदानं का आला?

बाबानं फाइल मिटली. त्रेसष्ट नोंदींवर आता एक चौसष्टावी त्याच्या डोळ्यांदेखत झाली होती. अनोळखी माणसांवर झेप घेतो. त्यांनी थोड्या वेळानं पार्सनिप बघायला मागितली.

सिस्टरांनी लीश उचलली. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग खाली वाकून म्हणाल्या, 'चला टर्निपराव. यांची आपली ओळख नाही.'

टॉवेल मीच गोळा केले. तिथल्या बाकावर घडी करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मी सिस्टरांच्या फ्लॅटवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत जात होतो. खोली स्वच्छ, कॉट हॉस्पिटलच्या घडीत, एकही केस नाही. त्या बादलीत लीश भिजवत बसल्या होत्या. मी उभ्यानंच पाठ केलेली वाक्यं म्हणायला लागलो.

'बस,' त्या म्हणाल्या. 'चहा घेणार? साखर नाहीये घरात.'

'सिस्टर, काल मी खोटं बोललो.'

'हो. मी तिथंच होते.'

'ते कितवे होते?'

'घर? आठवं.' लीश पिळून त्यांनी दोरीवर टाकली. 'आठही जणांनी तुझं वाचलं. अक्षर छान आहे, असं एक जण म्हणाली.'

'टाइप केलेलं आहे ते.'

'तेच सांगितलं मी तिला.'

मग त्यांनी ड्रॉवरमधून माझ्या पानांची झेरॉक्स काढली, चष्मा लावला आणि टेबलावर पानं मांडली. मला वाटलं आता एकेक नोंद वाचतील. त्यांनी काय झालं तो रकाना पाहिलाच नाही. त्यांचं बोट वेळेच्या रकान्यावरून वरून खाली गेलं, एका पानावरून दुसऱ्यावर, वॉर्डातला तक्ता बघावा तसं.

'नऊ चाळीस. अकरा पाच. दोन वीस. साडेदहा. तीन. चार दहा. अरे, सगळं नऊ ते पाच आहे की. शनिवार-रविवारी जवळजवळ काही नाही. संध्याकाळी काही नाही. पेशंटला ताप आला तर आम्ही आधी विचारायचो कधी चढतो. किती चढतो ते मग.'

मी पानं ओढून घेतली आणि मोजलं. त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न नोंदी कामाच्या दिवसांतल्या, कामाच्या तासांतल्या होत्या. उरल्या पाच.

गळतीच्या कामात माणूस पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकतो. दिवसाची बेरीज घेऊन बसायचं नाही. पाणी कुठल्या तासाला वाहतंय ते बघायचं. सगळं गाव झोपलेलं असताना वाहणारं पाणी म्हणजे गळती. मी नवीन मुलांना हे शिकवतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच तक्त्यात, तासाचा रकाना भरून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. बेरीज केली आणि भागाकार केला.

'एक्केचाळीस वेळा लिहिलंयस, कारण नाही,' सिस्टर म्हणाल्या. 'कारण चार मीटरवर हेडफोन लावून बसलं होतं.'

मी पानं परत टेबलावर ठेवली.

'कुत्रा तक्रार करत नाही रे. अर्ज करतो. भुंकणं हा अर्ज, बूट हा अर्ज. तू सगळे अर्ज तारीख-वेळ घालून फाइल केलेस. उत्तर एकालाही दिलं नाहीस.' हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. बादलीतलं पाणी ओतायला उठता उठता म्हणाल्या.

मी म्हणालो, 'आम्ही त्याला परत नेतो. मी आजच येतो.'

'नाही.'

'सिस्टर, आता मला कळलंय ना.'

'तुला कळलं ते चांगलं झालं. तुझ्या घरातले नऊ ते पाच बदलले का?'

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. माझ्या मीटिंग त्याच होत्या. मेधाच्या त्याच. इराची शाळा तीच.

'नाही.'

'मग? तुला बरं वाटावं म्हणून त्याला नेणार का?' त्यांनी चहा ओतला. 'वाईट तास कुठला ते मी त्या दिवशी विचारलं होतं तुला.'

चहा बिनसाखरेचा होता. सगळा प्यायलो.

त्यानंतर दर रविवारी मी शेल्टरला जाऊ लागलो. पिंजरे धुवायचे, पाण्याच्या वाट्या भरायच्या. सिस्टरांनी मला टर्निपच्या बाजूचं काम कधीच दिलं नाही. मी मॅनेजर बाईंना विचारलं की ती पानं फाइलमधून काढता येतील का. त्या म्हणाल्या, खोटं काही आहे का त्यात? खोटं काहीच नव्हतं. मग सिस्टरांना विचारलं की आणखी एक पान जोडू का, चांगल्या गोष्टींचं.

'आता?' त्या म्हणाल्या. 'आता ते वकिलानं लिहिल्यासारखं वाटेल.'

पाच आठवड्यांनी त्यांचा फोन आला. 'शनिवारी अकराला ये. टॉवेल आणू नकोस.'

मी गेलो तेव्हा आवारात एक मोठा लॉरी ड्रायव्हर उभा होता. लेस्टरजवळ राहणारा, साठीच्या आतबाहेर, एकटा. त्याचा आधीचा कुत्रा अकरा वर्षं लॉरीत बाजूच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर देशभर फिरला होता आणि हिवाळ्यात गेला होता. हे मला मॅनेजर बाईंनी हळूच सांगितलं. त्याच्या हातात माझी पानं होती आणि टर्निप त्याच्या बुटांभोवती फिरत होता.

सिस्टरांनी त्याला त्यांचा प्रश्न विचारला. तो गोंधळला नाही.

'दुपारचे चार,' तो म्हणाला. 'रस्ता तुंबलेला असतो आणि बाजूला बघायची सवय जात नाही.'

सिस्टर 'हं' म्हणाल्या. मग तो पानं उलटत राहिला. ब्रेडच्या नोंदीपाशी मोठ्यानं हसला. शेवटी बेरजेवर आला आणि त्यानं विचारलं, 'हे कुणी लिहिलं?'

सिस्टर आकाशाकडे बघत होत्या. मॅनेजर बाई आपल्या कागदांत. कुणी माझं नाव घेतलं नाही. टर्निप माझ्याकडे आला होता आणि माझ्या बुटाचा वास घेत होता, या वेळी झेप न घेता.

'मी लिहिलं,' मी म्हणालो. 'माझ्याकडे होता तो. चौदा दिवस. मीच परत आणला. तो मला ओळखतो.'

ड्रायव्हरनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होतो, ज्याला मी मागच्या वेळी त्या कुटुंबासमोर घाबरलो होतो. पण त्यानं तो विचारला नाही. पानावर जाड बोट ठेवून तो म्हणाला, 'हे सगळं पाचपर्यंतच आहे. पाचनंतर काय करायचा?'

'ते मी लिहिलं नव्हतं.'

'मग सांगा.'

मी सांगितलं. लॅपटॉप मिटल्याचा आवाज तो ओळखायचा. तो आवाज आला की गेटाशी उभा राहायचा, भुंकायचा नाही, फक्त उभा. गेट उघडलं की माझा एक बूट आणून मांडीवर ठेवायचा. तो बूट त्यानं कधी चावला नाही, मेधाचेच चावले. जेवताना टेबलाखाली असा आडवा व्हायचा की तिघांच्याही पायांना त्याचं अंग लागेल, आणि कुणी पाय हलवला तर सरकून पुन्हा जुळवून घ्यायचा. कालव्याच्या काठानं फिरायला नेलं की पुढं धावत जायचा आणि तीसेक पावलांवर थांबून मी येतोय का ते बघायचा. येतोय दिसलं की पुन्हा पुढं. सगळ्या वाटेवर तसंच. मेधा पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा फोनच्या मागं जाऊन बघायचा की सासूबाई कुठं आहेत. इराच्या खोलीचं दार बंद असलं तर उंबऱ्यावर झोपायचा, आणि पहाटे ती उठायच्या आधी शेपटीचा आवाज यायचा, लाकडी फरशीवर. तेराव्या दिवशी मला सर्दी झाली होती. तो सोफ्यावर आला, आम्ही त्याला सोफ्यावर घेत नसू, आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवून बसला. मी त्याला उतरवलं नाही.

'ते लिहिलंत का, सोफ्याचं?' त्यानं विचारलं.

'हो. नियमभंग म्हणून. बासष्टावी नोंद.'

तो पुन्हा हसला. मग सिस्टरांनी त्याला 'बसा' म्हणायला शिकवलं. त्याचं 'बासा' व्हायचं, पण टर्निप समजूतदारपणे बसला. सह्या झाल्या. लॉरी बाहेर उभी होती. टर्निप वरच्या सीटवर एका उडीत चढला, खिडकीच्या काचेला नाक लावलं, आणि मग ड्रायव्हर चढताच तोंड त्याच्याकडे वळवलं. लॉरी वळली तेव्हा तो आमच्याकडे बघत नव्हता. बघायचं काही कारणही नव्हतं.

सिस्टर आणि मी गाड्यांकडे चालत होतो. त्यांनी छातीवरचं घड्याळ उलटं करून पाहिलं, सवयीनं. त्यांच्या जॅकेटची बाही माझ्या बाहीला लागत होती आणि केस माझ्या स्वेटरवर येत होते.

'एवढं सगळं तुला पाठ होतं?' त्या म्हणाल्या.

'हो.'

'त्या चौदा दिवसांपासून?'

'हो, सिस्टर.'

मी थांबलो. त्या काहीतरी म्हणतील असं वाटलं. त्यांनी खिशातून चीजचा डबा काढला, उघडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि आपल्या गाडीत बसल्या.